कारणाचा रकाना

सोमवार, ४ मार्च

लोक दुःख झालं की वही उघडतात. मला शिसारी आली की उघडावी लागते, त्यामुळे ही वही लवकर भरणार.

आमच्या टेलिफोन केंद्रात नवीन अलार्म पॅनल बसून आज दोन महिने झाले. जुन्याला पितळेची घंटा होती. एखादी लाइन, अगदी अग्निशमन केंद्राचीसुद्धा, बिघडली की अशी खणखणायची की खालच्या मजल्यावरचा पहारेकरी मान वर करायचा. तरी आमचे लोक तिच्या कळीत आगकाडी खोचून तिला मुकी करायचे, कारण दमट हवेत ती उगाचच वाजायची आणि यांची डुलकी मोडायची. त्यावर मी फाटकात उभा राहून पाऊण तास बोललो होतो. "आगीची खबर देणाऱ्या घंटेत आगकाडी" हे माझं वाक्य लोक अजून एकमेकांना ऐकवतात. आगकाड्या मात्र जिथल्या तिथे राहिल्या.

आता घंटा गेली आणि तिच्या जागी काडेपेटीएवढी काळी डबी आली. दोन महिन्यांत ती वाजलेली मी एकदाही ऐकली नाही. अर्थ उघड आहे. आता आगकाडीचाही खर्च नको. पॅनलवरच 'गप्प' नावाची कळ दिली आहे आणि हे लोक ती कायम खाली दाबून ठेवतात. मी बघायला उठलो की ती वर असते. एवढी चपळाई कामात दाखवली असती तर.

आज टाचणीला विचारलं. टाचणी म्हणजे आमच्या खोलीतली दुसरी तंत्रज्ञ. बेचाळीस वर्षांची, अंगाने बारीक, बोलायला टोकदार. बाई म्हणून तिला या खोलीत घ्यायला साहेब तयार नव्हते, तेव्हा संघटनेचा चिटणीस म्हणून मी तीन दिवस त्यांच्या दारात बसलो होतो. म्हणूनच तिचं जास्त लागतं. ती खाली बघून काहीतरी पुटपुटली. मी "बरं, बरं" म्हणून सोडून दिलं. अपराधी माणूस मोठ्याने बोलत नाही.

एक मात्र मानलं पाहिजे, तिची नजर विलक्षण आहे. पॅनलकडे पाठ असली तरी दिवा लागलेला तिला कळतो.

गुरुवार, ७ मार्च

सकाळी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो, शेजारी शेगडीवर किटली. ही ओल्या केसांनीच न्हाणीघरातून धावत आली आणि गॅस बंद केला. किटलीचं बूड काळंठिक्कर.

"अहो, शिट्टी केव्हाची वाजतेय. मला आत ऐकू आली."

"बिघडली असेल शिट्टी."

"बिघडलेली शिट्टी मला बरी ऐकू आली."

हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. हल्ली बोलते तेही अर्धं गिळून, शब्दाचं तोंडच खाऊन टाकते. थोरल्या मुलीचं तेच. फोनवर नुसती कुजबुज. उच्चार हा संस्कार आहे असं मी जन्मभर व्यासपीठांवरून सांगितलं आणि माझ्याच घरात ही गत.

खिडकीपुढच्या झाडावर चिमण्या दिसतात, पण चिवचिवत नाहीत. त्यांनीही तोंड मिटून घेतलं आहे. त्यांना तरी काय दोष द्यायचा. या शहरात बोलून कोणाचं भलं झालं?

रविवार, १० मार्च

तेवीस तारखेला संघटनेचं अधिवेशन. माझ्या भाषणाचा विषय ठरला: 'मुक्या घंटा'. लोक मला तोफ म्हणतात. या वेळी दारूगोळा कमी पडू द्यायचा नाही.

सुरुवातीला पाच वर्षांत काय मिळवलं त्याचा आढावा. त्यात सगळ्यात जास्त टाळ्या मिळतील त्या वार्षिक कानतपासणी रद्द केल्याबद्दल. दरवर्षी एका बंद खोक्यात बसवायचे, कानांवर टोप चढवायचे आणि बारीक बारीक पी पी ऐकवायचे. ऐकू आलं की बोट वर करायचं. शाळकरी पोरांसारखं. साहेबांचा डाव मी पहिल्या दिवशी ओळखला होता: पन्नाशीच्या पुढच्यांना कानाला धरून बाहेर काढायचं. दोन वर्षांपूर्वी मी त्या खोक्यासमोरच सभा घेतली. "आमची निष्ठा मोजा, आमचे कान मोजू नका." साहेबांनी आठवड्यात करारावर सही केली. विचारात धार असली की कागद कापला जातो.

संध्याकाळ मात्र नासली. थोरली नातीला घेऊन बसने यायची होती. ही म्हणाली आठची बस, मी आठला गेलो. मायलेकी तासभर थांब्यावरच्या बाकावर बसलेल्या, नात रडून झोपलेली.

"सात सांगितलं होतं मी," ही म्हणाली.

"मग सात म्हणायचं."

"सातच म्हणाले. सात."

आता ती ओरडत होती. घरात ओरडणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे.

सोमवार, ११ मार्च

सकाळी पलीकडच्या केंद्रातून फोन आला. लाइन आठवर मधूनच फट् फट् होतंय, जरा बघा. रजिस्टरमध्ये 'लाइन ८' लिहून मी लगेच ट्रान्समीटरचं कार्ड, म्हणजे त्याची सर्किटची पट्टी, तपासलं. ठणठणीत. उगाच कामाला लावतात.

काल नातीने विचारलं होतं, आबा तुम्ही ऑफिसात काय करता. तिला सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो, भाषणात वापरता येईल. प्रत्येक लाइनला एक ट्रान्समीटर, म्हणजे बोलणारा. त्याच्याच कार्डावर एक छोटा पहारेकरी बसवलेला. बोलणारा गप्प झाला, किंवा तार तुटली, की पहारेकरी दिवा लावतो आणि अलार्म वाजवतो. हुशार वस्तू आहे, पण तिची अक्कल तेवढ्यापुरतीच. आपण बोलतोय की नाही एवढंच तिला कळतं. पलीकडे कोणी ऐकतंय का, हे तिच्या खात्यातच येत नाही.

आमच्या जुन्या मुख्य तंत्रज्ञांचा एक नियम होता. फोनवर सात आणि आठ यांची गल्लत होते म्हणून सातला 'सहावरचा' म्हणायचं, आणि ऐकणाऱ्याने नंबर परत म्हणून दाखवायचा. नवी पिढी हसते या पद्धतीला. शिस्त गेली ती गेलीच. मी स्वतः परत म्हणत बसत नाही, पण मी तीस वर्षं ऐकतोय.

मंगळवार, १२ मार्च

लाइन सात गेली. अग्निशमन केंद्राची लाइन.

तीन वाजून दहा मिनिटांनी गेली, तीन सत्तेचाळीसला परत आली. त्या सदतीस मिनिटांत गावाबाहेरच्या लाकडाच्या वखारीत आग लागली आणि लोक फोन फिरवत राहिले. शेवटी कोणीतरी सायकलवरून अग्निशमन केंद्रात गेलं. एक कामगार आत अडकलेल्या सोबत्याला काढायला गेला, जळती फळी हातांनी उचलली. सोबती वाचला. याचे दोन्ही हात कोपरापर्यंत जळून निकामी झाले म्हणतात.

मी खोलीतच होतो. पॅनलकडे पाठ करून टेबलाशी बसलो होतो, भाषणाचं शेवटचं पान चाललं होतं. अलार्म वाजला नाही. वाजला असता तर मी बसून राहिलो असतो का? टाचणी बॅटरीचं पाणी बघायला तळघरात गेली होती, तशी नोंद आहे. एकदम दार आपटलं, वळून बघतो तर ती धापा टाकत पॅनलशी उभी, आणि तिचा हात 'गप्प' कळीवर. कळ खाली. रंगेहाथ.

"दादा, ऐकलं नाहीत?" ती किंचाळली.

काय ऐकायचं? जे तिने जाताना दाबून ठेवलं होतं ते?

तिने कार्ड बदललं, लाइन आली. रजिस्टरमध्ये चार रकाने असतात: दोष, वेळ, कारण, उपाय. ती कारण लिहायला लागली तेव्हा मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. म्हटलं, हा रकाना चौकशी होईपर्यंत रिकामा राहील. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच गुन्हेगार.

या बाईसाठी मी तीन दिवस दारात बसलो होतो.

बुधवार, १३ मार्च

साहेबांनी बोलावलं. पॅनलच्या आठवणीत नोंद आहे: अलार्म ३.१०, स्वीकारला, म्हणजे कोणीतरी दखल घेतली, ३.४५. टाचणीचं म्हणणं, डबी वाजत होती, तिला जिन्यातच ऐकू आली आणि ती धावली. मी साहेबांना समजावलं की नोंदीवरून सर्किटला दोष कळला एवढंच सिद्ध होतं, आवाज बाहेर आला हे नाही.

"म्हणजे बाईंनी कळ आधीच दाबून ठेवली होती?"

"दुसरं काय असणार? जुन्या घंटेत आगकाडी खोचताना मी तिला पकडलेलं आहे."

साहेबांनी लगेच लिहून घेतलं. तीस वर्षांत माझं म्हणणं त्यांनी इतक्या तत्परतेने कधी लिहिलं नव्हतं. बरं वाटलं.

दोष सिद्ध झाला तर टाचणीची नोकरी जाईल. तिची आई अंथरुणाला खिळलेली आहे, घरात मिळवतं दुसरं कोणी नाही. मला हे माहीत आहे आणि रात्री झोप लागली नाही हेही लिहून ठेवतो. पण ज्याचे हात गेले त्यालाही घर असेल. तत्त्व ओळखीच्या माणसापाशी येऊन थांबलं तर त्याला तत्त्व कसं म्हणायचं?

सोमवार, १८ मार्च

चौकशी आमच्याच खोलीत झाली. साहेब, वरून आलेले दोन अधिकारी, संघटनेचे अध्यक्ष, मी आणि टाचणी. ती नीट इस्त्री केलेल्या साडीत, हात पाठीमागे बांधून उभी.

माझी साक्ष वाचून दाखवली. मग मीच म्हटलं, कागद कशाला, वाजवून बघा. 'गप्प' कळ वर आहे हे सगळ्यांना दाखवलं आणि लाइन सातचं कार्ड स्वतःच्या हाताने उपसलं. लाल दिवा लागला. खोलीत चिटपाखरू हलेना. आणि त्या क्षणी मला खरा प्रकार कळला. कळ वर, दिवा चालू, आणि आवाज नाही. डबीच मुकी. टाचणीने काही दाबलंच नव्हतं. साहेबांनी मुकी डबी विकत घेतली आणि दोन महिने आम्हाला तिच्या भरवशावर बसवलं.

मी बोट वर केलं. "ऐका," म्हटलं. "ही शांतता ऐका. या शांततेत एका माणसाचे हात जळाले."

आयुष्यातली सगळ्यात चांगली वाक्यं होती ती. कोणी हललं नाही. सगळे माझ्याकडेच बघत होते. एका अधिकाऱ्याने तेवढ्यात कानात बोट घातलं. चौकशीत बसून कान कोरणारी माणसं आपलं भवितव्य ठरवतात. अध्यक्ष बुटांकडे बघत होते. साहेबांनी टाचणीला विचारलं, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

ती माझ्या वर केलेल्या बोटाकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली.

मग तिने पुढे होऊन 'गप्प' कळ दाबली. का दाबली देव जाणे, मुक्याला आणखी काय गप्प करायचं. सगळ्यांनी मात्र सुस्कारा सोडल्यासारखं केलं.

मंगळवार, १९ मार्च

विश्वास बसत नाही. मी भर चौकशीत डबी मुकी आहे असं दाखवून दिलं, तरी साहेब टाचणीलाच दोषी धरणार. शुक्रवारी आदेश निघेल. अध्यक्षांना गाठलं तर म्हणतात, "अधिवेशन तोंडावर आलंय, आता नको."

"अहो, डोळ्यांसमोर दाखवलं मी."

"हो, बघितलं आम्ही," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. त्या हाताची मला किळस आली. सगळे साहेबांना विकले गेलेत. एक बाई घालवायची, डबीची खरेदी झाकायची. टाचणीही कशी गप्प राहिली? तिच्यासाठी लढणारा मी एकटा आणि ती माझ्याशी नजर मिळवत नाही.

उद्या मीटर लावतो. मीटर कोणाच्या बापाला भीत नाही.

बुधवार, २० मार्च

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

दुपारी लाइन अकराचं काम आटोपल्यावर टाचणी टेबलाशी जुनी कार्डं पुसत होती. मी पॅनलचं झाकण उघडलं, कळ वर केली, लाइन सातचं कार्ड उपसलं आणि डबीच्या दोन टोकांना मीटर लावला. डबीला वीजच पोचत नसेल असा माझा अंदाज होता. काटा सरळ बारा व्होल्टवर गेला. म्हणजे वीज येतेय. मग डबी जळलेली असेल. जळलेली असेल तर तिच्यातून प्रवाह जाणार नाही. प्रवाह मोजला. जात होता, हवा तेवढाच.

मी डबीचं टोपण काढून आतल्या चकतीवर बोट टेकवलं.

ती थरथरत होती. बोटाखाली, अगदी स्पष्ट. मुंग्या याव्यात तशी.

मी मागे वळलो. टाचणी उठून उभी राहिली होती आणि तिने दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

"वाजतेय?" मी विचारलं.

तिने मानेनेच हो म्हटलं.

"फार?"

ती जवळ आली, माझ्या तोंडासमोर उभी राहून सावकाश बोलली. "दादा, कानठळ्या बसतायत. कार्ड लावा आधी."

मी कार्ड लावलं. चकती थांबली. माझ्यासाठी खोलीत काहीच बदललं नाही.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पॅनल बसवलं त्या दिवसापासून. ती केकाटत होती आणि तुम्ही म्हणालात, काय शांतता आहे बघ."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तीनदा."

"मी काय म्हटलं?"

"बरं, बरं, म्हणालात."

मी स्टुलावर बसलो. तिने पाणी दिलं. चौकशीत का गप्प राहिलीस म्हणून विचारलं, तेव्हा ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली, मग थांबली, वळली आणि पुन्हा माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "चार माणसांच्या देखत बोट वर करून उभे होतात तुम्ही. त्या खोक्यात करायचो तसं. माझ्याच्याने नाही झालं."

पुढे म्हणाली, "आणि आगकाडी मी एकदाच घातली होती. तुम्ही दर सभेत सांगता."

मी रजिस्टर मागे उलटलं. अकरा तारीख. माझ्याच अक्षरात: लाइन ८, फट् फट्, तपासलं, ठीक. पलीकडच्या केंद्राला फोन लावला आणि रिसीव्हर टाचणीच्या हातात दिला. तिने विचारलं. ऐकून घेतलं. मग समोरच्या कागदावर मोठ्ठा सात काढला.

गुरुवार, २१ मार्च

किळस म्हणजे काय हे मला माहीत आहे असं मी समजत होतो. ती आजवर दुसऱ्यांची होती, म्हणून तिच्यावर भाषण करता यायचं.

सकाळी कारणाचा रकाना भरला. "लाइन ७ चं ट्रान्समीटर कार्ड निकामी. अलार्म ३.१० पासून वाजत होता. खोलीत हजर असलेल्या ज्येष्ठ तंत्रज्ञाला तो ऐकू आला नाही. आदल्या दिवशी याच लाइनची तक्रार आली होती. त्याने सातच्या जागी आठ ऐकलं आणि परत म्हणून दाखवलं नाही." खाली सही. तेच साहेबांसमोर कागदावर लिहून ठेवलं.

साहेब टेबलाच्या या बाजूला येऊन माझ्या शेजारी बसले. सावकाश, तोंड समोर ठेवून बोलले, म्हणजे त्यांनाही केव्हाचं माहीत होतं. "हे कशाला? कानतपासणी का बंद झाली असं विचारतील. त्या करारावर तुमची सही आहे, माझीही आहे. बाईंना वर्षभराने दुसरीकडे लावून घेऊ. तुमचं अधिवेशन होऊ दे. लोक तुम्हाला ऐकायला येतात."

दोन महिन्यांपूर्वी मी या माणसावर तासभर बोललो असतो. आज त्याच्या चष्म्यात मला माझंच तोंड दिसत होतं. आमच्या दोघांच्या सह्या एकाच कागदावर, एकाखाली एक.

"टाळ्या मला ऐकू येतात, साहेब," मी म्हटलं. "तेवढंच ऐकू येतं."

कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि पोच घेतल्याशिवाय उठलो नाही. दुसरी प्रत वरच्या कार्यालयात, तिसरी अध्यक्षांना. अधिवेशनात हीच वाचणार आहे. दीड पान आहे. त्यात चांगलं वाक्य एकही नाही. शेवटी मागणी एकच: कानतपासणी पुन्हा सुरू करा, पहिला मला बसवा.

टाचणीने पोच वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. आभार मानले नाहीत. बरं केलं. मानले असते तर मला तोंड कुठे लपवायचं कळलं नसतं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रडेल. ती म्हणाली, "किटली आणून ठेवली आहे नवी. आता शिट्टीवाली नाही आणली." मग माझ्या कानामागचे केस उगाचच सारखे केले.

वखारीतल्या त्या कामगाराला उद्या भेटायला जायचं आहे. त्याला काय सांगणार ते ठरलेलं नाही. त्याचे हात बघायचे आणि त्याला जे बोलायचं असेल ते ऐकायचं, म्हणजे जेवढं ऐकू येईल तेवढं. इस्पितळात भेटीची वेळ हिला फोन करून विचारायला सांगितली. तिने रिसीव्हर ठेवला आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता वेळ सांगितली.

"सात की आठ?" मी विचारलं.

ती परत आली, समोर उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याची दोन.

मी मोजली, आणि परत म्हणून दाखवलं. सहावरचा.